सुमनच्या नावासाठी धुळ्यापर्यंत

पहूरला सकाळची जळगाव गाडी आली तेव्हा चढणारा मी एकटाच. बाहेरगावी जाताना माझी पिशवी सुमन भरायची. या खेपेला मी भरली, आणि पाण्याची बाटली घरीच राहिली.

सुमन माझी बायको. आमच्या गावची अंगणवाडी तिने चालवली. दोन वर्षांपूर्वी तिची नोकरी संपली, आणि चार महिने झाले तिला जाऊन. मागच्या आठवड्यात तिच्या फोनवर धुळ्याहून एका मुलीचा फोन आला. अंगणवाडीच्या बाईला कोणतं काम कितपत जमलं पाहिजे, हे मांडणारी वेबसाईट सरकारसाठी बनवणं चाललं होतं. गावोगावच्या चांगल्या रीती तिच्यात घालायच्या, आणि रीतीपुढे ती काढणाऱ्या बाईचं नाव. सुमनची लेकरं मोजायची, म्हणजे त्यांचं वजन घ्यायची, रीत त्यांना हवी होती. मी म्हटलं, ती गेली. पोरगी फोन ठेवायला लागली. मग मीच म्हटलं, "रीत मला पाठ आहे. मी येतो. पण नाव तिचं लावाल ना?"

"लावू ना, आबा."

एवढ्यासाठी निघालो. नाहीतर चौथी शिकलेल्या माणसाचं तिथे काय काम?

जळगावला गाडी बदलली. गिरणेच्या पुलावरून पाहिलं, पाणी कमी, गोटेच जास्त. पुढे रस्ता ऐसपैस केलाय, पण कडेची झाडं गेली. दोन्ही अंगांना वेचून झालेली कपाशी काळी पडून उभी. बघायला कोणी सोबत नसलं की खिडकीची जागा मिळून काय उपयोग?

पारोळ्याच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. सगळे खाली उतरलो. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने विचारलं, "आबा, कोठे चालनात?" (कुठे निघालात?)

"धुळ्याला. बायकोचं नाव लावायला."

"सातबारावर का?"

"नाही. कॉम्प्युटरवर."

तो हसला. "तठे ते जित्ता माणूसनं नाव बी सापडत नही!" (तिथे तर जिवंत माणसाचंही नाव सापडत नाही.)

मी हसलो नाही. त्याला काहीतरी समजलं असावं. त्याने डबा उघडून फुनके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके) पुढे केले. तिखटजाळ होते. पाणीही त्याचंच प्यालो.

धुळ्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. गुडघे बोलायला लागले. फोनवाली पोरगी मयूरी जिन्यातच भेटली, हाताला धरून वर घेऊन गेली. वेबसाईट बनवणारी तीच. तिने मला पडद्यासमोर बसवलं. "सांगा आबा, मी लिहिते."

मी सांगितलं. आमच्याकडे लेकराला वजनकाट्याच्या झोळीत घातलं की नजर लागते म्हणून आया उठून जायच्या. सुमनने काय केलं, आधी ज्वारीची पुरचुंडी मोजायची, आकडा वहीत लिहायचा. मग तीच पुरचुंडी लेकराच्या पोटाशी ठेवून दोन्ही एकदम मोजायचं. तोंडाने म्हणायचं, ज्वारी मोजतेय. वजाबाकी मागाहून.

मयूरीने लिहिलेलं वाचलं, "बाळासोबत धान्य ठेवावे."

"धान्य नाही. त्याच घरची ज्वारी. आईने स्वतःच्या हाताने बांधलेली. पहिल्या वर्षी सुमनने आमच्या घरची नेली. ज्या लेकराला मोजलं ते तापाने पडलं, आणि त्याची आई तीन महिने अंगणवाडीसमोर थुंकून जायची. हे लिहा. हेच खरं आहे."

तिने लिहिलं. मग नावाचा रकाना आला. सुमनचं नाव त्यात उमटेना.

"आबा, नाव यादीतूनच घ्यावं लागतं. आणि यादी आता कामावर असलेल्यांचीच आहे. मला फोनवर बोलताना लक्षातच आलं नाही."

मागच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "तिच्या जागेवर आता कोण आहे?"

"वंदना. सुमननेच शिकवलेली."

"मग तिचं टाका. नाव रिकामं ठेवलं तर रीत सेव्ह होणार नाही."

मी चिडलो. "माणूस मेला की त्याची अक्कल दुसऱ्याची होते का?"

साहेब खाली मान घालून म्हणाले, "यादी माझ्या हातात नाही हो, आबा."

उठून चालू लागावं असं वाटलं. पण वर डोंगरातल्या पाड्यांवरच्या बाया आठवल्या, अजून झोळी बघून पळणाऱ्या. ही नोंद नसली तर तिथे कोणी नवी पोरगी नुसतं ऐकून दुसऱ्याच घरची ज्वारी घेऊन जाईल.

"टाका वंदनाचं," मी म्हटलं. मयूरीने डोळे पुसले आणि बटण दाबलं. एवढंच. त्यासाठी मी एवढा लांब आलो होतो.

परतीला कुठे काय पाहिलं, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत जाऊन वंदनाला सांगितलं. ती रागावली. "आबा, माझं नाव कशाला? लोक काय म्हणतील, सुमनअक्कांची रीत चोरली!"

"विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर काम कर."

तेवढ्यात एक सून लेकरू घेऊन आली. कमरेची पुरचुंडी सोडून म्हणाली, "ताई, आमची ज्वारी मोजता का?" लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली पोरगी, अंगणवाडीतली सुमन तिला माहीत नसणार. सुमनचं नाव तिथे कोणी घेतलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी उंबऱ्यात उभा राहिलो, वंदनाची वजाबाकी होईस्तोवर. वजाबाकी बरोबर आली.