सातबाऱ्यावर एकच नाव

माझा धाकटा भाऊ १९७८ साली पश्चिम जर्मनीत पाहुणा म्हणून गेला. त्याचा कॉलेजातला मित्र तिथे एका कारखान्यात होता, त्याच्या खोलीवर राहायचं असं ठरलं होतं. त्या काळी आपल्या माणसाला तिथे तीन महिने व्हिसाशिवाय राहता येत असे. तीन महिने भरत आले की तो आगगाडीने शेजारच्या देशात जाई, चार-आठ दिवस काढी आणि परत सरहद्दीवर येऊन पासपोर्टावर नवा शिक्का घेई. असं त्याने दोनदा केलं. काम करायची परवानगी नव्हती आणि तो करतही नव्हता. भाषेच्या वर्गाला जाई, जुनी चर्चेस बघे, चित्रं काढी.

ही सगळी माहिती आम्हाला त्याच्या पत्रांतून मिळे. आईला वाचता येत नसल्याने पत्र मलाच वाचून दाखवावं लागे. मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीतून सायकलने घरी आलो की आई विमानाने आलेलं निळं पत्र घेऊन दारातच उभी असे. शेजारच्या काकूही येऊन बसत.

"लहाना तिकडंच राहून राहिला का वं माय?" काकू विचारत.

"राहू दे न. पाहून घेऊ दे जग," आई म्हणे. मग माझ्याकडे बघून, "वाच न रे बाबू. मधातच काहून थांबतो दर वेळी?"

मी का थांबे ते मला ठाऊक होतं. तो लिही, 'आज दिवसभर नदीकाठच्या बाकावर बसलो, पाव खाल्ला, काही केलं नाही.' मी ते वाक्य गाळून टाकी. 'आईची फार आठवण येते' हेसुद्धा मी दोनदा गाळलं आहे. वडील गेले तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शिक्षण सोडून नोकरीला लागलो. तेव्हा कोणी मला सक्ती केली नव्हती, हे आज लिहायला हवं. पण मी मनात असंच धरून बसलो होतो की त्याच्या बाकाखाली माझी पाठ आहे.

तिसऱ्या खेपेच्या आधी त्याचं पत्र आलं ते निराळं होतं. मागच्या खेपेला सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने त्याला तासभर बसवून ठेवलं होतं. तू खरंच पाहुणा आहेस कशावरून? परत जाशील कशावरून? तिकडे तुझं काय आहे? पुढच्या खेपेला कागद दाखवला नाही तर आत घेणार नाही, असं सांगितलं होतं. 'दादा, आपल्या कळमेश्वरच्या संत्र्याच्या बागेचा सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर शिक्क्यासह पाठव. माझ्या नावावर काही आहे एवढं दिसलं की पुरे. अजून पाच आठवडे आहेत.'

रविवारी मी कळमेश्वरला तलाठ्याकडे गेलो. उताऱ्यावर माझ्या एकट्याचंच नाव होतं. वडिलांच्या मागे थोरल्याचं नाव चढवायचं आणि पुढे 'एकत्र कुटुंब कर्ता' लिहायचं, ही आमच्याकडची सरसकट रीत. गावात कोणालाही ठाऊक असतं की ते नाव सगळ्यांचं असतं.

मी भावाचं काम सांगितल्यावर तलाठी म्हणाला, "भावाचं नाव चढवाचं का? अर्ज द्या, सही द्या. पंधरा दिवसांची नोटीस लागते, मंग मी फेरफार करून देतो."

"आता घाई आहे," मी म्हणालो. "तो आला की करू."

"घाई आहे म्हणूनच तं म्हणून राहिलो, बाबूजी!" तो हसला. "हिस्सा द्याले हात उठून नाई राहिला का?" मग उतारा माझ्या हातात देत म्हणाला, "जाऊ द्या. कर्ता लिहिलं आहे न, तेवढं इंग्रजीत नीट लिहा. त्याचं काम होते."

भाषांतर मीच केलं. कचेरीच्या टाइपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत. खाते नंबर, क्षेत्र, विहीर, झाडं, सगळं काळजीपूर्वक उतरवलं. मालकाच्या रकान्यात माझं नाव टाइप केलं. त्यापुढचे तीन शब्द टाइप केले नाहीत. कागद बाहेर काढून पुन्हा वाचला, आणि तसाच वकिलाकडे शिक्क्यासाठी नेला. सोबत सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यासाठी जोडलेल्या पत्रात लिहिलं, 'माझा भाऊ माझ्याजवळ राहतो.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मला त्या दिवशी जेवण गेलं.

त्याला आत घेतलं नाही. शेजारच्या देशातही त्याची मुदत संपत आली होती, तिथूनच तो विमानाने मुंबईला आणि मुंबईहून नागपूरला आला. चित्रांची वही आणि कपडे मित्राच्या खोलीवरच राहिले.

पहिल्या दिवशी जेवताना आईने विचारलं, "काहून गा नाई घेतलं त्यायनं तुले?"

"त्याले माझं नाव दिसलं नाई, आई. मी मराठी कागदावर बोट ठेवून दाखवलं, हे पाहा, इथं पूर्ण कुटुंब लिहिलं आहे. तो म्हणे, भाषांतरात नाई."

"मंग भाषांतरात काहून नाई?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात भात कालवत होतो.

"घाईत राहून गेलं असन," तो म्हणाला आणि त्याने आईकडे वरण मागितलं.

महिन्याभरात मी त्याचं नाव सातबाऱ्यावर चढवलं. पण पुढे तिथला नियम बदलला. आधी वकिलातीतून व्हिसा घ्यायचा, मग निघायचं. अर्जात विचारलं होतं, पूर्वी कधी प्रवेश नाकारला होता का? त्याने 'हो' लिहिलं. अर्ज नामंजूर होऊन परत आला. पासपोर्टाची मुदत संपली तेव्हा त्याने नवा काढला नाही. आता बाग तोच बघतो, आणि माझ्यापेक्षा चांगली बघतो.

मी त्याला सांगितलं ते सात वर्षांनी, तोडणीच्या हंगामात, व्यापाऱ्याची वाट बघत आम्ही दोघेच बांधावर बसलो होतो तेव्हा.

"ते शब्द घाईत राहिले नव्हते," मी म्हणालो.

"माहीत आहे मले."

त्याने शेजारचं एक ढेकूळ हाताने फोडलं. मग म्हणाला, "एकच सांग दादा. तुलेही तिकडं जायचं होतं तं बोलला काहून नाई? मीच तुले बोलावलं असतं."

'हो, जायचं होतं' असं म्हणणं किती सोपं होतं. त्याने माझ्यासाठी तेवढी वाट मोकळी ठेवली होती. पण मला कुठेच जायचं नव्हतं. तो तिथे नसावा, एवढंच मला हवं होतं.

हे मी त्याला सांगितलं. तो उठला आणि झाडांमधून विहिरीकडे निघून गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.