शिंपिणीच्या घरचं वेळापत्रक

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंपिणीच्या हातची शिवण उसवलेली कुणी पाहिली नाही. त्याच हातानं धरून तिनं मधल्या लेकीला शाळेतून काढून घरी आणलं. घरात पोर पोपटासारखी बोलायची, पण शाळेच्या फाटकाशी आली की तिची वाचाच बसायची. मग थोरला म्हणाला, "मीही घरीच शिकणार." शेंडेफळ तर अजून कुठं गेलंच नव्हतं.

शाळा तपासणाऱ्या बाईंनी महिन्याची मुदत दिली. घरी रोजचा अभ्यास नीट चाललेला दिसला तर ठीक, नाहीतर मधली पुन्हा शाळेत.

शिंपिणीनं कंबर कसली. मोठ्या कागदावर पट्टी धरून अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखले. पहिल्याच दिवशी नऊला गिऱ्हाईक आलं, सव्वानऊला शेंडेफळानं दोऱ्याची रिळं बादलीत पोहायला सोडली. थोरल्यानं विचारलं, "आई, आता आपण कुठल्या रकान्यात आहोत?" चार दिवसांत मधली घड्याळाकडे बघून गप्प बसू लागली, शाळेच्या फाटकाशी बसायची तशीच.

"गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला आतून दोन बोटं कापड जादा ठेवतेस," नवरा जेवता जेवता म्हणाला. "पोरांचा दिवस मात्र अंगाला चिकटून बेतलास. श्वास कुठून घ्यायचा त्यांनी?"

"तुम्ही आधी भात संपवा," ती म्हणाली. पण बोलणं मनात रुतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद उतरवला आणि खिडकीशी दोन दोऱ्या ताणल्या. गणिताची निळी चिंधी, वाचनाची पिवळी, लिहिण्याची हिरवी. काम झालं की ज्याची त्यानं चिंधी उचलून पलीकडच्या दोरीला चिमट्यानं लावायची. क्रम ज्याचा त्याचा. गणित तेवढं जेवणाआधी. शिवाय रोज दोन पांढऱ्या चिंध्या मोकळ्या : गिऱ्हाईक आलं, कुणाला ताप आला, नाहीतर नुसतंच झाडावर चढावंसं वाटलं, तर त्यासाठी.

महिना भरला आणि तपासनीस बाई आल्या. शेंडेफळ कापडाच्या गठ्ठ्यावर झोपलेलं. बाईंनी तपासणीचा कागद काढला.

"गणित किती वाजता असतं?"

शिंपिणीनं खिडकीतल्या दोऱ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात मधली म्हणाली, "भूक लागायच्या आधी. जेवल्यावर आकडे पेंगतात. आज तर माझं करून दादाच्या दोन चुकाही काढल्या."

"एकच होती," थोरला म्हणाला.

"दोन. पडद्याचं मापही चुकलेलं."

"ते टेपनं चुकवलं."

"हो का? टेप काय मोजायला आपली आपण गेली होती?"

बाई पेन हातात धरून ऐकत राहिल्या. "शाळेत बोलत नव्हती, ती हीच का?"

"हीच," शिंपीण म्हणाली. "आता गप्प कशी करायची, ते तुम्ही सांगा."

बाई हसल्या. वेळेच्या रकान्यात त्यांनी 'रोज वेगळी' असं लिहिलं, खाली वर्षभराची परवानगी घालून सही केली. चूक एक की दोन, हा वाद मागं चालूच होता.