काजळाचे बोट

सोलापूरच्या एका गिरणीच्या पाळणाघरात मी नोकरीला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बायका रिळांच्या खात्यात काम करीत आणि त्यांची तान्ही मुले आवारातल्या एका लांबट खोलीत आमच्या हवाली असत. छताच्या लोखंडी दांड्याला झोळ्या ओळीने टांगलेल्या होत्या. भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर अखंड चाले. मुले त्या आवाजात गाढ झोपत आणि यंत्रे थांबली की दचकून उठत. हवेत कापसाचे तंतू तरंगत. दूध, यंत्रांचे तेल आणि ओली दुपटी यांचा एक जड, कोमट वास माझ्या लुगड्याला घरी गेल्यावरही येई.

मला अभिमान होता तो या मुलांच्या डोळ्यांचा. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून मी स्वतः काजळ पाडी, लोण्यात खलून डबीत भरी. सकाळी अंघोळी आटोपल्या की दाराजवळच्या झोळीपासून भिंतीजवळच्या झोळीपर्यंत एका डबीतून, एका बोटाने, डोळ्यामागून डोळा रेखीत जाई. दुपारी आया अंगावर पाजायला येत, तेव्हा आपले लेकरू उजेडाकडे धरून क्षणभर नुसत्या पाहत राहत.

चैत्रात दाराजवळच्या मुलाचे डोळे आले. पापण्या चिकटलेल्या, कडांना पिवळी चिपडे. मग दुसऱ्याचे आले, तिसऱ्याचे आले.

माझ्याबरोबर काम करणारी मावशी पंढरपूरजवळच्या करकंब गावची. ती म्हणाली, "नजर लागली हाय पोरास्नी. ताई, तुमी नटवता बी लई की."

"मग काय करायचं?"

"करायचं काय? काजळ जरा ठसठशीत घाला."

मी घातले.

पाचव्या दिवशी शेवटच्या झोळीतली मुलगी आजारी पडली. तिची आई भवानी पेठेतल्या तेलुगू विणकराच्या घरची. या मुलीचे दुखणे सर्वांत जहाल निघाले; उजवे बुबुळ काचेवर फुंकर घालावी तसे धुरकट झाले. गिरणीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासून सांगितले, "डोळ्यात फूल पडलं तर नजर जाईल. आठवडाभरात कळेल."

त्या दुपारी मी ओळीपुढे उभी राहिले. वडिलांनी लहानपणी मला वृत्ते शिकवली होती. बोटांवर मात्रा मोजण्याची आणि ओळीत कुठे खंड पडतो ते ऐकण्याची सवय तेव्हापासूनची. दुखणे दारापासून भिंतीकडे क्रमाने गेले होते, आणि मध्ये एकच खंड होता. सातव्या झोळीतल्या मुलाचे डोळे लख्ख होते. त्याची आई रोज उशिरा येई. तोवर माझे काजळ घालून झालेले असे. मी माझ्या बोटाकडे पाहिले. नखाच्या कडेत काळी रेघ होती.

नर्सबाईंना सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बायकांना वाटतंय, कापसाच्या धुळीनं झालं. खरं काय ते आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. आता त्या येतील. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

बायका आल्या, मुले पदराखाली घेऊन बसल्या. मी उभी राहून सांगितले की हे दुखणे माझ्या बोटाने एकाचे दुसऱ्याला गेले. एकही शब्द मी गाळला नाही.

"शिकलेली बाई म्हणून पोरं दिली व्हती," एक जण म्हणाली.

दुसरी पुटपुटली, "घरी मी बी एकाच डबीतनं घालते की चौघांना."

"मग आजपासून घालू नका," मी म्हणाले.

तेलुगू बाईने मुलीला पदरातून बाहेर काढले. "दिसंल का हिला?"

"मला माहीत नाही."

ती मुलीला घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या झोळ्या रिकाम्या होत्या आणि भिंतीजवळची झोळी त्यांपैकी एक होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाई दारात उभी दिसली.

"घरी सासू अजून काजळच लावती," ती म्हणाली. "हितं तुमी तरी लावणार न्हाय."

तेव्हापासून प्रत्येक मुलाची वाटी वेगळी झाली. गिरणीतलाच कापूस उकळून घ्यायचा, बोरिकच्या पाण्यात बुडवायचा, एका डोळ्याला एक बोळा, आणि वापरलेला बोळा थेट चुलीत. प्रत्येक मुलानंतर साबणाने हात धुवायचे. मावशी आधी कुरकुरली, मग माझ्यावरच पहारा ठेवू लागली: "ताई, हात." माझ्या बोटांची कातडी फुटली, पेरांतून रक्त येई. त्या हातांचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कोणत्याही सुंदर रेघेचा कधी वाटला नव्हता.

नर्सबाईंनी तपासल्यापासून आठव्या दिवशी त्या मुलीने उजवा डोळा उघडा ठेवला. मी खिडकीचे दार ढकलले तेव्हा उजेडाने तिने कपाळाला आठी घातली, मग तिची नजर माझ्या हलत्या पदरामागे फिरली. बुबुळाच्या कडेला मोहरीएवढा पांढरा ठिपका कायमचा राहिला. तो बाहुलीपर्यंत पोचला नाही.

झोळ्या हळूहळू भरल्या. पावसाळ्याच्या अखेरीस एक नवी बाई मूल छातीशी धरून दारात घुटमळत होती. आमची तेलुगू बाई कामावर निघाली होती; ती थांबली आणि माझ्याकडे हनुवटी उडवून तिला म्हणाली, "दे की. काय वाईट झालं तर ही स्वतः सांगती."

त्या बाईने मूल माझ्या हातात दिले.