सातवा प्रश्न

विजूआत्या गेली त्या सकाळी मी स्वारगेटला उभी राहून लोकांना शहाणं करत होते. पावणेआठ वाजले असतील. खांद्याला झोळी, हातात पत्रकांचा गठ्ठा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात 'मालिश घेताय? आधी हे सहा प्रश्न विचारा!' हे लाल अक्षरांतलं पत्रक कोंबण्याचा माझा सपाटा. फोन आला आत्याच्या शेजारच्या देवधरकाकूंचा. "अगं, विजूताई चहा टाकता टाकता खाली बसल्या... उठतच नाहीयेत. ये बाई लवकर, आम्ही हॉस्पिटलात नेतोय." मी रिक्षात बसले तेव्हा उरलेला गठ्ठा मांडीवर होता. हॉस्पिटलात पोचले तेव्हाही हातातच होता. आत्या वाटेतच गेली होती. डॉक्टर तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. पायात झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली असणार, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "एकदोन दिवसांत पायाला कुणी मालिश वगैरे केलं होतं का?" मी हातातल्या कागदांकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. वरच्या कागदावर, अठ्ठेचाळीस पॉइंटाच्या ठळक टायपात, तोच शब्द होता.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. मला पत्रक लिहिता येतं, निवेदन लिहिता येतं, घोषणा तर झोपेतही सुचतात. हे लिहिता येत नाहीये. पण आत्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि दुसरं कुणी लिहिणार नाही, कारण ती कुणी मोठी नव्हती. चौतीस वर्षं तिने नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं. लग्न केलं नाही. छापखान्यापासून सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, आणि कुठल्याच पुस्तकात तिचं नाव आलं नाही. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेना, म्हणून लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, हॉटेलातलं मेनूकार्ड, जे समोर येईल ते ती तपासायची. एकदा हॉटेलात वेटर ऑर्डर घ्यायला आला तर तिने लाल पेनाने दुरुस्त केलेलं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. "हे आत नेऊन द्या. आणि दोन साबुदाणा वडे." मी तिच्याकडे वाढले म्हटलं तरी चालेल. आईबाबा नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की मी तिच्या खोलीत. चळवळीत पडले तेव्हा घरात सगळे ओरडले. ती एवढंच म्हणाली, "पड. पण पत्रकं मला दाखवत जा. अन्यायाविरुद्ध लढताना लोकांनी हसू नये."

एक गोष्ट मात्र तिच्याबद्दल लिहिलीच पाहिजे. छापलेल्या शब्दावर तिचा विश्वास होता. आपल्याकडे लोक असं म्हणतात आणि खांदे उडवतात, तसा नाही. एक ओळ छापायला किती डोळे झिजतात हे तिला माहीत होतं, म्हणून. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलेलं असेल तर ती बाटली मोजून हलवायची. रेल्वेच्या डब्यात 'बाहेर वाकू नये' लिहिलंय म्हणून जन्मात खिडकीबाहेर हात काढला नाही. "तपासून छापलंय ना? मग पाळायचं. नाहीतर मी चौतीस वर्षं काय केलं?"

चौतीस वर्षं मान खाली घालून बसल्यामुळे तिची मान आणि खांदे दगड झाले होते. त्यासाठी दर गुरुवारी दुपारी जुबेदाबी यायच्या. अठरा वर्षं येत होत्या. पलीकडच्या पेठेत राहणाऱ्या, पुण्यातच जन्मलेल्या, सासूकडून हात शिकलेल्या. बाळंतिणी, तान्ही मुलं, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, अशी त्यांची गिऱ्हाइकं. मी लहानपणी जमिनीवर बसून गृहपाठ करत त्यांचं काम बघायचे. त्या तेलाची वाटी आधी दूर ठेवायच्या. मग कोरड्या हाताने, तेही उलट्या हाताने, आत्याची मान, कपाळ, दोन्ही दंड, दोन्ही पोटऱ्या चाचपायच्या. डावी, उजवी, परत डावी. मी एकदा विचारलं, उलटा हात का? म्हणाल्या, "तळव्याला कामाची ऊब असते बेटा, त्याला दुसऱ्याची ऊब कळत नाही." आणि प्रश्न. झोप लागली का, गोळ्या बदलल्या का, कुठे पडलात का, पाय जड वाटतात का. आत्या वैतागायची. "अहो जुबेदाबी, तुम्ही चोळायला आलात का जनगणनेला?" त्या शांतपणे म्हणायच्या, "बाई, उत्तर द्या, तेल थंड होतंय." आणि कधी कधी सगळं ऐकून वाटीवर झाकण ठेवायच्या. "आज नाही चोळणार." एकदा आत्या मोरीत घसरली होती आणि पाठ धरून बसली होती, तेव्हा असंच. "हे हाडाचं आहे, माझं नाही. फोटो काढून घ्या." एक्स-रेमध्ये मणक्याला बारीक चीर निघाली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या डोळ्यांनी बघून, विसरूनही गेले.

पत्रकाचं निमित्त झालं माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं. दाढी-कटिंगनंतर सलूनमध्ये डोक्याची चंपी करून घेतली, शेवटी त्या माणसाने मान धरून काडकन वळवली आणि काकांचा हात महिनाभर बधिर राहिला. मी पेटले. कुणीही उठतो आणि माणसाच्या मानेला हात घालतो! ना शिक्षण, ना परवाना, ना जबाबदारी! एका आठवड्यात आमच्या गटाने पत्रक तयार केलं. वर मालिशचे प्रकार, म्हणजे अभ्यंग, चंपी, स्वीडिश, डीप टिश्यू, खेळाडूंचं, गरोदर बायकांचं, तळपायाचं, आणि खाली ग्राहकाने थेरपिस्टला विचारायचे सहा प्रश्न. प्रमाणपत्र आहे का? किती वर्षांचा अनुभव? कुठला प्रकार करणार आणि का? तेल कोणतं, चादर धुतलेली आहे का? बाईला बाई मिळेल का? दुखलं तर थांबणार का? प्रूफ अर्थातच आत्याकडे. तिने चष्मा चढवला आणि सुरुवात केली. "स्वीडिश. स्वीडनला कळवलंय का हे?" मग, "डीप टिश्यू म्हणजे गं काय?" मी म्हटलं, खोलवरच्या स्नायूंवर दाब देतात, जोरात. "म्हणजे जुबेदाबी कोपराने करतात ते. बरं. इंग्रजीत दुखत नसेल." शेवटी पेन थांबलं. सहाव्या प्रश्नाखाली तिने काकपद, म्हणजे राहिलेला मजकूर घालायची खूण, काढलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, मला दाखवलं. *७. त्यांनी आपल्याला काय विचारलं?* "तुझे सहाच्या सहा प्रश्न आपण विचारायचे. जुबेदाबी बघ, त्याच विचारतात. ते नको का?" मी घाईत होते. प्रिंटरवाला थांबला होता. म्हटलं, आत्या, कागदाच्या एकाच बाजूला बसवायचंय, सातवा टाकला तर अक्षर लहान होईल, आणि सहा हेडिंगमध्येही गेलंय. तिने माझ्याकडे बघितलं. "अक्षर लहान होईल," ती म्हणाली, आणि काकपदावर काट मारली. निर्णय लेखकाचा, असा तिच्या धंद्यातला नियम होता. आयुष्यभर पाळला तिने. त्या दिवशी मोडला असता तर...

आणि मग मी ते केलं जे मला इथे लिहायलाच हवं. जुबेदाबींना मी बंद केलं. म्हणजे तोंडावर नाही, तेवढी हिंमत नव्हती. आत्याला म्हटलं, गावभर मी प्रमाणपत्र मागा म्हणून ओरडतेय आणि माझ्या स्वतःच्या आत्याकडे बिनप्रमाणपत्राची बाई येते, लोक काय म्हणतील?  पुढच्या गुरुवारी तिने जुबेदाबींना पत्रक दाखवलं. मी तिथेच होते. जुबेदाबींनी पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून सावकाश वाचलं. "प्रमाणपत्र... नाही बाई. सासूने दिलं नाही. मागायचं सुचलंच नाही." त्या हसल्या, आत्याही हसली, पण तेल गरम झालं नाही. जाताना त्या वाटी घेऊन गेल्या. अठरा वर्षं ती वाटी आत्याच्या फडताळात असायची.

नवीन जागा मी शोधली. बिबवेवाडीत, पहिल्या मजल्यावर, काचेचं दार, मंद दिवे, भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रं. मी उभी राहून सहाच्या सहा प्रश्न विचारले. सहाच्या सहा उत्तरं बरोबर आली. इतकी बरोबर, की मला अभिमान वाटला. आत्या तीनदा जाऊन आली. "कसं होतं?" तर म्हणायची, "वास छान असतो." चौथ्यांदा मी तिला स्वतः घेऊन गेले. ती आदल्याच दिवशी नागपूरला एका लग्नाला जाऊन बसने परतली होती, जवळजवळ पंधरा तास एका जागी बसून. उजव्या पोटरीत गोळा आलाय म्हणाली. मी म्हटलं, मग आज डीप टिश्यूच घे, मोकळं होईल. मीच म्हटलं. थेरपिस्ट बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती, हसरी, स्वच्छ गणवेशातली. फॉर्म भरून घेतला. त्यात नाव, फोन आणि वाढदिवस. आत्याचा फोन नेहमी बंद असायचा, म्हणून मी माझा नंबर दिला. मुलीने एकच प्रश्न विचारला. "मॅडम, प्रेशर मीडियम की हार्ड?" आत्याने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली आणि आत्या म्हणाली, "हार्ड." बाहेर आल्यावर जरा लंगडत होती. रिक्षात म्हणाली, "पाय काही बघितला नाही गं तिने." मी फोनवर दुसऱ्या दिवशीच्या वाटपाच्या जागा ठरवत होते. म्हटलं, हं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगून झालंच आहे. डॉक्टरांना मी किती वेळा विचारलं, मालिशमुळेच का? ते प्रामाणिक होते. "असेल. नसेलही. गुठळी आपोआपही सुटते. पण एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल, त्यातून लांबचा प्रवास झालेला असेल, तर तिथे हात लावायचा नसतो. आधी आमच्याकडे यायचं असतं." हात लावायचा नसतो. एवढंच. हे सांगायला पदवी लागत नाही. हे एक बाई अठरा वर्षं उलट्या हाताने तपासत होती.

मला भांडायची सवय आहे. मी भांडायला गेले. ती मुलगी मला बघून आधी हसली, मग ऐकल्यावर भिंतीला टेकली. रडायला लागली. म्हणाली, "आम्हाला कोर्समध्ये स्ट्रोक शिकवले मॅडम, हात कसा फिरवायचा ते. कुणाला नाही म्हणायचं, हे नाही शिकवलं." आणि नंतर, अगदी हळू, "तुम्ही जे जे विचारलं ते मी सगळं खरं सांगितलं होतं ना?" मी काय करू? या मुलीच्या नावाने घोषणा देऊ? मालक म्हणाला, आमची कागदपत्रं पूर्ण आहेत, आणि ती होती. मग मी ऑफिसं पालथी घातली. एका ठिकाणी म्हणाले, हे आरोग्यात येत नाही, दुकानात येतं. दुकानवाले म्हणाले, दुकानाबद्दल तक्रार असेल तर द्या, मालिशबद्दल आमच्याकडे रकाना नाही. एका साहेबांनी शांतपणे विचारलं, "पण ताई, त्यांना तिथे नेलं कोणी?" इतकी वर्षं मी प्रत्येक सरकारी टेबलावर मूठ आपटत आले. त्या टेबलावर माझा हात नुसता पडून राहिला. मागच्या आठवड्यात माझ्या फोनवर मेसेज आला. 'प्रिय विजया मॅडम, वाढदिवसाच्या शुभेच्छा! या महिन्यात आमच्याकडे स्वतःचे लाड करा.' मी तो अजून पुसलेला नाही.

जुबेदाबी तेराव्यानंतर दोन दिवसांनी आल्या. गुरुवार होता. चप्पल दाराबाहेर काढून आत्याच्या खुर्चीजवळ, जमिनीवर, नेहमीच्या जागी बसल्या. मी सगळं सांगितलं, माझा भाग न लपवता. मला वाटत होतं त्या चिडतील. मला ते हवंच होतं, खरं तर. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठला पाय?" उजवा, म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. जणू अजून चाचपत होत्या. "डावाच सुजायचा त्यांचा. उन्हाळ्यात. उजवा कधी नाही." मग माझ्या मानेला उलटा हात लावला. "झोपतेस का?" नाही. "जेवतेस?" थोडं. मला वाटलं आता त्या खांदे दाबतील, आणि मी लहान मुलीसारखी मान खाली घातली. त्यांनी हात काढून घेतला. "आज नाही चोळणार," म्हणाल्या. आणि तिथेच बसून राहिल्या, दिवेलागणीपर्यंत.

नवीन पत्रक लिहिलंय. जुनी जेवढी सापडली तेवढी मी गोळा करून आणली, पण वाटलेली परत येत नाहीत. कुणाच्या फ्रिजवर, कुणाच्या डायरीत, कुठे कुठे आहेत. नव्यात हेडिंग नाही, लाल अक्षर नाही. पहिलाच प्रश्न आहे, हात लावण्याआधी त्यांनी तुम्हाला काय विचारलं? त्याखाली, कधी नाही म्हणाले का? अक्षर मोठं आहे. परवा त्याचं प्रूफ आलं. सवयीने मी ते नारायण पेठेत नेलं, तीन जिने चढले, तिच्या टेबलावर चष्म्याच्या घराशेजारी ठेवलं आणि लाल पेनाचं टोपण काढून ठेवलं. रोज संध्याकाळी जाऊन बघते. कागद तसाच आहे, एकही खूण नाही. मी तो पंचवीस वेळा वाचलाय. त्यात कुठेतरी चूक असणारच... मला दिसत नाहीये.