सरांच्या टाकीत मी घातलेला हात

मंडळी, या सदरातले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून सोडून देतो. मी प्राणिशास्त्राचा बी.एस्सी. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे जे शिकलो त्यावर माझा जरा जास्तच विश्वास. पण एक प्रकरण असं आहे की ते इतक्या वर्षांत मला पचलेलं नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. भात आणि नाचणी, एवढंच पीक. बारावीनंतर वडील मला शेतीतच ठेवणार होते. तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे माझे सर एसटीने आणि पुढे पायी आमच्या घरी आले, ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "तीन वर्षं याला माझ्याकडे द्या." माझं जे काही झालं ते त्या एका वाक्यामुळे. पुढे जुन्नर तालुक्यातल्या त्यांच्याच कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. कॉलेजचं नाव देत नाही.

सरांनी प्रयोगशाळेशेजारच्या छोट्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली होती. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो, म्हणून. कोकणातून कॅन भरून पाणी आणलं, वाळू आणली, चांगला वीतभर थर दिला. त्यात दोन मासे — नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. सरांचा जीव त्या दोघांत अडकलेला.

दोन हजारच्या दशकातली, लोडशेडिंग जोरात होतं तेव्हाची गोष्ट. मे महिना, कॉलेजला सुट्टी. सरांना न्यूमोनिया झाला आणि पुण्याला दवाखान्यात ठेवलं. जाताना धापा टाकत मला म्हणाले, "पाण्यात हवा खेळती ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस."

आणि मी नेमका हात लावला.

झालं असं, की काचेतून तळाची वाळू काळी पडलेली दिसायला लागली. आमच्याकडे भाताच्या खाचरात पाणी साचून चिखल काळा पडला, वास मारायला लागला, की बेणणी, म्हणजे निंदणी, करताना तो हाताने खालपर्यंत उकरून सैल करतात. मुळांना हवा लागते, चार दिवसांत पीक हिरवं होतं. लहानपणापासून हेच केलेलं. मला वाटलं, इथंही तेच. एका दुपारी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून सगळी वाळू तळापासून उलथली.

भसाभस बुडबुडे आले. नासलेल्या अंड्यांचा वास खोलीभर झाला.

बाहेर व्हरांड्यात आमचे शिपाई बबनमामा बसले होते. बेल्ह्याकडचे, तोंडाने फटकळ. तिथूनच ओरडले, "मास्तर, अंडी उकडताय व्हय? आज सोमवार हाय राव, बाटवता का आमाला!"

मी हसलोसुद्धा. आणि तेवढ्यात लाईट गेली. हवेचा पंप बंद पडला.

हायड्रोजन सल्फाइड — पुस्तकात होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण हात घालताना आठवलं नाही. वाळूखाली कोंडलेला तो विषारी वायू मी पाण्यात सोडला होता, त्यानं पाण्यातला ऑक्सिजनही खाल्ला होता, आणि आता नवीन हवा जायची वाट बंद. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. मी स्टीलचा मग घेतला आणि टाकीतलंच पाणी उंचावरून परत टाकीत ओतत सुटलो. तेवढीच हवा मिसळते. पंधरा-वीस मिनिटांत खांदा भरून आला. एक मासा आडवा व्हायला लागला.

सरांचा सेलवर चालणारा पंप होता, पण सेल संपलेले. स्टीलचा मग टाकीच्या उजवीकडे बेसिनमध्ये ठेवला, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सायकलने बाजारात पळालो. दुपारची वेळ, दुकानं बंद. तिसऱ्या ठिकाणी सेल मिळाले. यायला अर्धा-पाऊण तास सहज गेला. मासे मेलेले असणार हे धरूनच मी आलो होतो. सरांना काय सांगायचं, तेच जुळवत होतो.

व्हरांड्यात बबनमामा उभे. माझ्याकडे बघतच राहिले.

"तुमी हितं? मंग आत पानी कोण वततंय?"

"कुठे आत?"

"ऐका की! मगापासनं चाललंय. मला वाटलं तुमीच हाय."

मी दाराला कान लावला. आत पाणी पडत होतं — उंचावरून, संथ, थांबून थांबून. कुलूप जसंच्या तसं. मी खिशातून किल्ली काढली, ती मामांनी घेऊन फिरवली. दार उघडलं तसा आवाज थांबला.

आत कुणी नव्हतं. खिडकीची कडी लावलेली. टाकीतलं पाणी हेलकावत होतं. दोन्ही मासे मधोमध, शांत पोहत होते. स्टीलचा मग टाकीच्या डावीकडे टेबलावर होता, ओला, आणि खाली फरशीवर त्याच बाजूला थारोळं. मी उजव्या हाताचा. सर डावखुरे.

मामा एवढंच म्हणाले, "मी नाय बा आत येत."

चारच्या सुमारास ऑफिसात फोन आला, सरांच्या मुलीचा. ती म्हणाली, "दादा, दुपारी बाबांचा ऑक्सिजन एकदम खाली गेला होता. डॉक्टरांना कारणच कळेना. आणि डावा हात सारखा वर-खाली करत होते... आईला वाटलं, पाणी मागतायत. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुधारले. आता झोपलेत."

मी वेळ विचारली. मी सेल आणायला बाजारात होतो, तीच वेळ.

तीन आठवड्यांनी सर घरी आले. मी भेटायला गेलो आणि पायाशी बसून कबूल केलं, "सर, मी वाळूत हात घातला. तळापासून उलथली." बंद खोलीतल्या आवाजाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही, आणि मामांनाही बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

सर आधी खोकला येईपर्यंत हसले. "बेणणी केलीस होय रे समुद्राची!"

बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरात चहा करत होत्या. मग सर पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "यापुढे लाईट गेली तर खोली सोडून जाऊ नकोस. मला परत एवढ्या लांब यायला जमणार नाही."

बाई चहा घेऊन आल्या आणि विषय बदलला.

सर त्यानंतर काही वर्षं होते. ते पुन्हा त्यावर बोलले नाहीत, मी विचारलं नाही. आजारपणातला भ्रम असेल, मामांनी कुणाजवळ तरी तोंड उघडलं असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलंय. पण बेसिनमध्ये ठेवलेला तो स्टीलचा मग टाकीच्या डावीकडे गेला कसा? वाळू काळी का पडते, मासे वर का येतात, हे मी दरवर्षी मुलांना नीट समजावतो. त्या दुपारी एका आजारी माणसाकडे मोजकाच श्वास होता, आणि माझ्या चुकीपायी त्यातला किती गेला, हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.