हिसडा न मारणारा हात

किल्लीवाल्या मामाने भाचीला निव्वळ दयेपोटी काउंटरवर बसवलंय, ती नुसते हात हलवते आणि पडद्यामागे मामाच सगळ्या किल्ल्या तपासतो, अशी बातमी आमच्या गल्लीत फिरत असते. इस्त्रीवाल्या काकू तर ती मान तिरकी करून, आवाजात पाक ओतून सांगतात, ‘‘तेवढाच बिच्चारीला विरंगुळा गंऽ!’’

साफ खोटं. मला ठाऊक, मी रोज त्याच दुकानात मदतीला असते ना, तसलंच शेंडेफळ. पडद्यामागे मामा घोरतो. दुकानातली प्रत्येक नवी किल्ली कुलपात घालून फिरवते ती एकोणीस वर्षांची ताईच.

जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली. डावी मूठ उघडतच नाही. उजवी उघडते, पण मनगट जरा फिरलं की अडकतं. आपण किल्ली कशीही धरतो, पुढचं मनगट निभावून नेतं. ताईला ती चैन नाही. हात शेवटी कुठे यायला हवा हे आधी ठरवून, तिथून मागे मागे येत तिला पकड शोधावी लागते. अंगठा खाली, कोपर बाहेर. बघणाऱ्याला वाटतं, झालं, चुकली! आणि फिरवून झाल्यावर हात बरोब्बर सरळ.

हे जुळवायला तिला चार श्वास लागतात. नेमके त्या चार श्वासांत लोक घुसतात. ‘‘दे गं राणी, मी करते,’’ म्हणत कुणाची तरी घामट, चिकट बोटं तिच्या बोटांवर चढतात आणि जुळवलेलं सगळं विस्कटतं. ताईला शिसारी येते ती त्या बोटांची. मग ती तासभर हात पँटला पुसत राहते.

मध्यंतरी वसतिगृहाचे साहेब आले. त्यांनी कपाटांची चाळीस कुलपं दुकानात आणून जादा किल्ल्या करायला टाकल्या होत्या. ताई त्यातली एक तपासत होती. साहेबांनी नाक मुरडलं.

‘‘हिचा हात थरथरतो. लाळबीळ लागली तर? मुलं वापरणार आहेत हो या किल्ल्या!’’

एवढं बोलून त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या कोपऱ्यात सर्दीची हिरवट खपली वाळलेली. त्याच रुमालाने ते ताईने हात लावलेली एकेक किल्ली पुसत बसले. ताई आपला हात पँटला पुसत राहिली. मामा सगळं बघत होता आणि साहेबांसाठी स्टूल पुसत होता.

साहेब उद्या माल न्यायला येतो म्हणून गेले. मामा पायाच्या अंगठ्याशी बोलल्यासारखा म्हणाला, ‘‘तू काही दिवस आत बस. गिऱ्हाईक मोठं आहे.’’

‘‘आत बसून काय करू?’’

‘‘बस गं नुसती.’’

ताईला त्या रुमालापेक्षा मामाच्या या वाक्याची जास्त किळस आली. काउंटर गेला की ती पुन्हा घरात, खिडकीशी, काकूंच्या पाकात. ती उठली नाही. चाळीसही किल्ल्या तपासून तिने तीन बाजूला सारल्या. ‘‘या खराब आहेत.’’

मामाने तिन्ही फिरवल्या. तिन्ही कुलपं उघडली.

‘‘तू हिसडा मारतोस,’’ ताई म्हणाली. ‘‘कुणीही मारतं. मला मारता येत नाही. किल्ली चांगली असेल तरच माझ्या हाताने फिरते.’’

‘‘उगाच वाकड्यात शिरू नकोस,’’ म्हणून मामाने त्या तिन्ही पिशवीत टाकल्या.

मीही फिरवून बघितल्या आणि मामाच्या बाजूने उडी मारली. ‘‘ताई, पैज! एकही परत येणार नाही.’’

‘‘आली तर किल्ल्या कापायच्या यंत्राखालचा ट्रे तू साफ करायचास.’’

‘‘आणि नाही आली तर तू महिनाभर मला ओरडायचं नाहीस, मी कुणाचीही नक्कल केली तरी.’’

‘‘कबूल.’’

दुसऱ्या दिवशी साहेब माल घेऊन गेले आणि मामाने ताईला पडद्याआड बसवलंच. चौथ्या दिवशी साहेब तीन कुलपं घेऊन फणफणत आले. ताईने बाजूला सारलेल्या त्याच तीन किल्ल्या: दोन कुलपात रुतलेल्या, एक मोडून अर्धी आत. मामाने ती कुलपं हातात घेतलीच नाहीत. कान लाल करून, पडद्याकडे बघत म्हणाला, ‘‘ताई, बाहेर ये. तुझी जागा आहे ही. साहेब, तिच्याकडे द्या. ती हो म्हणेल तीच किल्ली तुम्हाला मिळेल.’’

ताई आली. मामाने अडकलेल्या किल्ल्या उपसून नव्या तीन कापून दिल्या. तिने पहिली समोर ठेवली आणि थांबली. साहेबांची बोटं मदतीला सरसावली.

‘‘हात मागे,’’ ताई म्हणाली.

साहेबांनी हात मागे घेतला. चार श्वास झाले. कुलूप उघडलं.

आणि मी? यंत्राखालच्या ट्रेमध्ये सहा महिन्यांचं तेल होतं, त्यात पितळेचा कीस, मेलेली झुरळं आणि मामाच्या थुंकलेल्या सुपारीचा गाळ. मी तो नाक दाबून, कोपरापर्यंत हात घालून उपसला. ताईने दोनदा परत घासायला लावला.