डोलकाठीच्या टोकावरचा रेडिओ

खारघरहून आम्ही दोघी रिक्षाने तुर्भ्याला निघालो तेव्हा माझा निर्णय झालेला होता. हातात मावणारा, पाण्यात न बुडणारा रेडिओ घ्यायचा आणि आमच्या शिडाच्या बोटीने रत्नागिरी गाठायची. बोटीवर दोघीच, मी आणि माझी मैत्रीण वैशाली.

औद्योगिक वसाहतीत, ट्रकांच्या रांगेमागे कांबळेकाकांचं दुकान. काका पूर्वी जहाजावर रेडिओ सांभाळायचे.

"किनाऱ्यापासून किती आत जाणार?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस मैल."

त्यांनी खोक्यावर पेन्सिलीने एक कमान काढली, दोन टोकांना दोन बोटी. "पृथ्वी गोल, म्हणून पानी असं मधे फुगलेलं असतं, ताई. अँटेना जेवढी उंच, तेवढा आवाज लांब. हातातला सेट जवळ ठेवा, पण मोठा सेट बसवा आणि अँटेना पार डोलकाठीच्या टोकाला."

मला ते सगळं अवजड वाटत होतं. वैशालीने मात्र ऐकलं. परवान्याचे कागद आले, सेट बसला आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हर्णैच्या समोर, खालून कडकन आवाज झाला. सुकाणू तुटलं होतं. बोट लाटांना आडवी झाली. मोबाईलला रेंज नाही. मी हातातल्या सेटवर तीनदा हाक मारली. नुसती खरखर. वैशालीने मोठ्या सेटचा माईक घेऊन हाक मारली.

क्षणभराने आवाज आला, "बाय, घाबरू नको. कुठं हाव तुमी?"

वैशालीने जीपीएसवरचं आमचं ठिकाण वाचून सांगितलं.

दहा मैलांवरून मासेमारीची बोट दीड तासात आली. तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) दोर बांधला आणि डब्यातून भाकरी आणि तळलेले बोंबील पाठवले. असं जेवण मी जन्मात जेवले नव्हते.

बंदरात त्यांचे आभार मानताना मी विचारलं, "आमची हाक नेमकी ऐकलीत कशी?"

"सेट चालूच असतो आमचा," ते म्हणाले. "कोनाला कधी गरज लागंल, काय सांगावं?"

बसने खारघरला परतले. न हलणाऱ्या पलंगावर पडल्यावर उमगलं, माझा आवाज कुठवर पोहोचेल एवढंच मी पाहत होते. पलीकडे कुणीतरी ऐकत असावं लागतं, हे डोक्यातही आलं नव्हतं. बोट दुरुस्त झाली आहे. आता समुद्रात असलो की आमचाही सेट चालू असतो.